व्ही. के. कृष्ण मेनन : सुरक्षा परिषदेपासून नामका चू नदीपर्यंत



स्वतंत्र भारताचे परराष्ट्र धोरण आणि संरक्षण धोरण घडवणाऱ्या व्यक्तींवर आपण ही मालिका करत आहोत. आजच्या भागात व्ही. के. कृष्ण मेनन. हे नाव काढले की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, काश्मीरसाठी सुरक्षा परिषदेत आठ तास भांडणारा देशभक्त. दुसरे म्हणतात, १९६२ च्या पराभवाचा खलनायक. मी सैन्यात अधिकारी झालो तेव्हा चीनच्या युद्धाला जवळपास वीस वर्षे झाली होती. तरीही आमच्या मेसमध्ये जुन्या अधिकाऱ्यांसमोर मेनन यांचे नाव निघाले की चेहरे बदलत. तेव्हा मी कुठल्या वातावरणातून आलो आहे ते आधीच सांगून टाकतो.

पण रागाने इतिहास समजत नाही. मेनन देशभक्त होते की दोषी, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. जो माणूस जगाच्या व्यासपीठावर भारताचा एवढा मोठा वकील ठरला, तोच संरक्षण मंत्रालयात का फसला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आजही उपयोगी पडणारे आहे.

लंडनमधली जडणघडण

मेनन यांचा जन्म १८९६ साली कोळिकोडचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना ते अॅनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीत आले आणि १९२४ साली इंग्लंडला गेले. गेले ते थोड्या दिवसांसाठी, राहिले जवळपास अठ्ठावीस वर्षे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते हॅरॉल्ड लास्की यांचे विद्यार्थी होते. पुढे बॅरिस्टर झाले. 'इंडिया लीग' या संस्थेमार्फत त्यांनी इंग्लंडच्या जनतेला आणि खासदारांना भारताची बाजू सांगण्याचे काम वर्षानुवर्षे केले. खिशात पैसे नसायचे, जेवण म्हणजे बऱ्याचदा चहा आणि पाव. लंडनच्या सेंट पँक्रस भागातून ते नगरसेवक म्हणून निवडून आले आणि १९३४ ते १९४७ नगरसेवक राहिले. १९३७ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध पेलिकन पुस्तकमालेचे ते पहिल्या संपादकांपैकी एक.

पंडित नेहरूंशी त्यांची घट्ट मैत्री याच काळातली. १९३८ साली यादवी युद्धाने पेटलेल्या स्पेनमध्ये दोघे एकत्र गेले होते. ही मैत्री लक्षात ठेवा, कारण मेनन यांच्या पुढच्या कारकिर्दीचा पाया तीच आहे. त्यांच्यामागे ना पक्षसंघटना होती, ना एखादे राज्य, ना जातीचा गठ्ठा. त्यांच्यामागे एकच माणूस होता, आणि तो पंतप्रधान होता.

एवढी वर्षे मेनन काय करत होते? समोरच्याला शब्दांनी पटवत होते किंवा शब्दांनी नामोहरम करत होते. फौज, रसद, खजिना, कारखाना यांच्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. पन्नाशी गाठेपर्यंत ज्याचे एकच हत्यार असते, त्याला पुढे प्रत्येक प्रश्न त्याच हत्याराने सुटेल असे वाटू लागते.

उच्चायुक्त आणि जीपगाड्या

१९४७ साली मेनन ब्रिटनमधले स्वतंत्र भारताचे पहिले उच्चायुक्त झाले. भारत प्रजासत्ताक होणार, म्हणजे इंग्लंडच्या राजाला राष्ट्रप्रमुख मानणार नाही, पण राष्ट्रकुलात राहणार, हे जमवायचे कसे, असा पेच होता. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने तो सुटला. राजा हे राष्ट्रकुलाचे केवळ प्रतीक, ही शब्दयोजना घडवण्यात मेनन यांचा वाटा होता. शब्दांची अशी कारागिरी हा त्यांचा हातखंडा.

पण याच काळात जीप प्रकरण घडले. काश्मीरमध्ये युद्ध सुरू होते आणि सैन्याला गाड्यांची निकड होती. उच्चायुक्तालयाने नेहमीच्या पद्धतीला बगल देऊन, फारसे भांडवल नसलेल्या एका कंपनीशी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार केला. पैसे आगाऊ दिले गेले. गाड्या आल्या त्या थोड्या, उशिरा आणि वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले. सरकारने १९५५ साली प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले आणि १९५६ च्या फेब्रुवारीत मेनन केंद्रात बिनखात्याचे मंत्री झाले.

मेनन यांनी स्वतः पैसे खाल्ले असे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. त्यांचे राहणीमान पाहता ते खरेही वाटत नाही. मला या प्रकरणात वेगळी गोष्ट दिसते. आघाडीवरच्या जवानाला वस्तू वेळेवर आणि चालू स्थितीत मिळाली पाहिजे, ही फौजेची साधी अपेक्षा. करार घाईने होऊ शकतो. गाडी चालू होते की नाही हे पाहणारी यंत्रणा घाईने उभी राहत नाही. मेनन यांना अशा यंत्रणेची, नियमांची आणि फायलींची चीड होती.

ठराव न्यूयॉर्कमध्ये, अंमलबजावणी पानमुनजोममध्ये

आता मेनन यांच्या सर्वांत चांगल्या कामाकडे येऊ. १९५२ साली कोरियाचे युद्ध थांबेना, कारण युद्धकैद्यांचा प्रश्न अडला होता. अमेरिकेच्या बाजूकडे असलेल्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना परत जायचे नव्हते. चीन म्हणे, सगळे परत हवेत. अमेरिका म्हणे, कुणावरही जबरदस्ती करणार नाही. संयुक्त राष्ट्रांत मेनन यांनी तोडगा मांडला. परत जायला नकार देणारे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाच्या ताब्यात द्यावेत, दोन्ही बाजूंना त्यांची समजूत घालण्याची संधी मिळावी आणि मग कैद्याने स्वतः निर्णय घ्यावा. ३ डिसेंबर १९५२ रोजी हा ठराव ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. सोव्हिएत गटाने विरोध केला आणि चीननेही तो फेटाळला. पण पुढच्या वर्षी जुलैमध्ये जो युद्धविराम झाला, त्यातली कैद्यांची व्यवस्था बरीचशी याच धर्तीवर होती.

ठराव मंजूर झाला, पण कैद्यांना सांभाळणार कोण? ते काम भारतीय सैन्याकडे आले. तटस्थ राष्ट्र आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या, कोडगूचे. प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या आपल्या सुमारे सहा हजार जवानांच्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. दोघेही दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर कांगॉच्या लढाईत शेजारी शेजारी लढलेले, दोघांनाही तिथे डीएसओ हा शौर्यसन्मान मिळालेला.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर एवढा राग होता की आमच्या भूमीवर भारतीय जवानांचे पाऊल पडू देणार नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणून आपल्या जवानांना जहाजांवरून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. पानमुनजोमजवळच्या त्या छावणीला आपल्या लोकांनी 'हिंद नगर' असे नाव दिले. बावीस हजारांहून अधिक कैदी, त्यांच्यात दोन कट्टर गट, आणि दोन्ही बाजूंना भारत दुसऱ्याला सामील आहे असा संशय. एकदा कैद्यांनी आपला एक अधिकारी ओलीस धरला, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणले. गोळीबाराचा हुकूम देणे सोपे होते. तो दिला असता तर मेनन यांच्या ठरावाची किंमत कागदाएवढी उरली असती.

फेब्रुवारी १९५४ मध्ये काम आटोपून आपले दल परत निघाले. थोरातांना अशोकचक्र वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, मिळाले. थिमय्यांना पद्मभूषण. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाकडे जग आदराने पाहू लागले. मेनन यांची बुद्धी, थिमय्या आणि थोरात यांचा संयम आणि जवानांची शिस्त एकत्र आली, म्हणून हे घडले. राजनय आणि सैन्य एकमेकांच्या हातात हात घालून चालले. ही तीन नावे ध्यानात ठेवा. हेच तिघे पुढे दिल्लीत पुन्हा समोरासमोर येणार आहेत.

काश्मीरचे भाषण

२३ जानेवारी १९५७. सुरक्षा परिषदेत काश्मीरचा विषय. मेनन बोलायला उभे राहिले, दुसऱ्या दिवशीही बोलले, आणि सगळे मिळून भाषण जवळपास आठ तासांचे झाले. मध्येच ते थकव्याने कोसळले, उपचार घेतले आणि पुन्हा उभे राहिले. त्यांचा मुख्य मुद्दा सरळ होता. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांतली पहिली अट पाकिस्तानी सैन्य मागे जाण्याची होती, ती पाळली गेली नाही, आणि मूळ प्रश्न आक्रमणाचा आहे.

त्या भाषणाने परिषदेतली मते बदलली का? फारशी नाहीत. २० फेब्रुवारीला पुढचा ठराव अडला तो सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे. पण देशात मेनन 'काश्मीरचे वीर' झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि एप्रिल १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. मेनन यांची जीभ तिखट होती. पाश्चात्त्य देशांना ते फटकारत, पण १९५६ च्या हंगेरीच्या प्रश्नावर भारताने सोव्हिएत संघाला अडचणीत आणणाऱ्या एका ठरावाविरुद्ध मत दिले, तेव्हा देशातही टीका झाली. वकिलाचे एक बरे असते, समोरचा पक्षकार दुखावला तरी खटला जिंकता येतो. देशाच्या प्रतिनिधीला मात्र त्याच समोरच्याकडे उद्या मदत मागायला जावे लागते. १९६२ च्या युद्धात भारताला अमेरिकेकडे शस्त्रे मागावी लागली.

संरक्षणमंत्री : जमेची बाजू

आमच्या सैनिकी वर्तुळात जे कमी बोलले जाते ते आधी सांगतो. मेनन यांच्या आधी संरक्षण हे दुय्यम खाते समजले जाई. त्यांनी ते महत्त्वाचे केले. १९५८ साली डीआरडीओची स्थापना झाली. जबलपूरला शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. माझ्या पिढीतल्या कुठल्याही फौजीला विचारा, शक्तिमानच्या मागच्या फळीवर बसून किती डोंगर चढलो याचा हिशोब नाही. एचएफ-२४ मरुत हे भारतात घडवलेले लढाऊ विमान जून १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाले. विजयंता रणगाड्यासाठीचा ब्रिटिश कंपनीशी करार आणि १९६२ सालचा मिग-२१ चा सोव्हिएत करार त्यांच्याच कारकिर्दीतला. ही मिग विमाने पुढची साठ वर्षे आपल्या हवाई दलात होती.

सैनिक शाळा ही त्यांची आणखी एक मोठी देणगी. २३ जून १९६१ रोजी साताऱ्याची सैनिक शाळा सुरू झाली, ती देशातली पहिली. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, सुभेदाराच्या मुलाने अधिकारी व्हावे, ही त्यामागची कल्पना. त्याआधी अधिकारी मुख्यतः मोजक्या पब्लिक स्कूलमधून येत. साताऱ्याच्या शाळेतून आलेल्या किती तरी उत्तम अधिकाऱ्यांबरोबर मी काम केले आहे.

डिसेंबर १९६१ मधल्या गोव्याच्या मुक्तीतही मेनन यांचा आग्रह मोठा होता. भूदल, नौदल आणि हवाई दल यांनी मिळून केलेली ही कारवाई दोन दिवसांच्या आत संपली.

मग अडचण कुठे होती? कारखान्याची फळे पाच-दहा वर्षांनी मिळतात. हिमालयातल्या जवानाला बूट, गरम कपडे, चांगली रायफल आणि रस्ता आज हवा होता. परकीय चलनाचा तुटवडा होता आणि अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्याशी मेनन यांचे पटत नव्हते. त्यामुळे बाहेरून घ्यायचे नाही आणि देशात अजून तयार नाही, अशा कात्रीत फौज सापडली. स्वदेशीचा आग्रह बरोबर होता. पण तो तडीस जाईपर्यंत शत्रू थांबेल हे गृहीत धरणे चुकीचे होते. मेनन यांच्या मते मुख्य धोका पाकिस्तानकडून होता, चीनशी प्रश्न बोलणी करून सुटेल असा त्यांचा विश्वास होता.

थिमय्या, थोरात आणि न वाचलेला इशारा

मे १९५७ मध्ये थिमय्या लष्करप्रमुख झाले. थोरात त्याच वर्षी पूर्व कमांडचे प्रमुख, मुख्यालय लखनौ. म्हणजे कोरियातली जोडी आता भारताच्या सीमेवर होती.

पण मेनन यांचा सेनाधिकाऱ्यांशी वागण्याचा ढंग वेगळा होता. भरबैठकीत टोचून बोलणे, ज्येष्ठांना वगळून कनिष्ठांशी थेट संपर्क, बढत्यांमध्ये हस्तक्षेप. विशेषतः बी. एम. कौल यांच्या बढतीवरून वाद पेटला. कौल हुशार आणि उत्साही होते, पण लढाईत पलटण चालवण्याचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी त्यांना तो मागे घ्यायला लावले आणि मग संसदेत लष्करावर नागरी सत्तेचा अधिकार अबाधित असल्याचे सांगितले. तत्त्व शंभर टक्के बरोबर. पण थिमय्यांचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला, आणि सगळ्या फौजेला कळले की प्रमुखाच्या शब्दाला आता वजन नाही.

त्याच ऑगस्टमध्ये लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली होती. त्यानंतर ईशान्य सीमेची, तेव्हाच्या नेफाची, जबाबदारी सैन्याकडे आली. थोरातांनी आपल्या भागाचा अभ्यास करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सैन्य मुख्यालयाला अहवाल दिला. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेतला. निष्कर्ष असा की चीनने ठरवले तर तो मोठ्या बळाने येईल आणि आज आपल्याकडे त्याला रोखायला पुरेसे सैन्य, रस्ते आणि रसद नाही. उपाय म्हणजे सीमेवर फक्त टेहळणीच्या चौक्या ठेवाव्यात, आणि खरी लढाई मागे, जिथपर्यंत आपला रस्ता आणि दारूगोळा पोहोचतो तिथे द्यावी. चिनी सैन्य पुढे येईल तसे त्याच्याच रसदीचे हाल होतील.

मी स्वतः त्या डोंगरांत नोकरी केली आहे. तिथे नकाशावर बोटभर दिसणारे अंतर चालायला दोन दिवस लागतात, आणि दहा हजार फुटांच्या वर सवय नसलेला धडधाकट जवानही पहिल्या काही दिवसांत धापा टाकतो. थोरातांची योजना ही भित्र्याची माघार नव्हती. जिथे आपले पाय घट्ट असतील तिथे लढायचे, हे त्यातले शहाणपण होते.

हा अहवाल थिमय्यांनी मेनन यांच्यापुढे ठेवला आणि मेनन यांनी तो अतिशयोक्ती ठरवला, असे थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून हा अहवाल मला का दाखवला नाही असे विचारले, असेही ते सांगतात. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने पी. एन. थापर यांना नेमले. थोरातही निवृत्त झाले आणि कौल जनरल स्टाफचे प्रमुख झाले.

एक माणूस, दोन खुर्च्या

नोव्हेंबर १९६१ मध्ये 'फॉरवर्ड पॉलिसी' ठरली. म्हणजे जिथे जमेल तिथे पुढे जाऊन छोट्या चौक्या बसवायच्या. चीन त्यांच्यावर मोठा हल्ला करणार नाही, असे गृहीत धरले होते. गुप्तवार्ता विभागाचेही तेच मत होते. सैन्याच्या भाषेत सांगायचे तर आपण झेंडे लावले, पण झेंड्यामागे कुमक नव्हती. थोरातांच्या योजनेच्या हे नेमके उलट होते.

८ सप्टेंबर १९६२ रोजी थाग ला डोंगराखालच्या आपल्या धोला चौकीला चिनी सैन्याने घेरले. पुढचे तीन आठवडे निर्णायक होते. नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला होते. आणि संरक्षणमंत्री? ते सप्टेंबरच्या मध्यानंतर न्यूयॉर्कला गेले, संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय शिष्टमंडळाचे नेते म्हणून. मंत्री असतानाही ते पद त्यांनी स्वतःकडेच ठेवले होते. २२ सप्टेंबरला दिल्लीत जी बैठक झाली ती उपमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली. लष्करप्रमुख थापर यांनी चीन अन्यत्र प्रत्युत्तर देईल अशी शंका बोलून दाखवली आणि चिनी सैन्याला हुसकावण्याचा आदेश लेखी मागितला. एका सहसचिवाच्या सहीने तो मिळाला.

मेनन यांच्या कारकिर्दीतला हा कळीचा क्षण आहे, आणि त्या क्षणी ते नेहमीच्या रणांगणावर, म्हणजे व्यासपीठावर होते. इकडे नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड खोलगट दरीत उभी केली गेली. वरच्या कड्यावर चिनी. आपल्या जवानांकडे .३०३ रायफली, थोडी काडतुसे, अंगावर सुती गणवेश. रस्ता नाही. विमानातून टाकलेले सामान निम्मे दरीत जाई. २० ऑक्टोबरला पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड संपली. दळवी कैद झाले.

सरकारी आकड्यांनुसार त्या युद्धात आपले १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले. जवान कमी पडले नाहीत. लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग यांची कुमाऊँ रेजिमेंटची कंपनी जवळपास शेवटच्या माणसापर्यंत लढली.

पायउतार आणि पुढची वर्षे

संसदेत आणि खुद्द काँग्रेस पक्षात संताप उसळला. ३१ ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खाते स्वतःकडे घेतले आणि मेनन यांना संरक्षण उत्पादन दिले. तेही टिकले नाही. ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळाबाहेर पडले. २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. चव्हाणांनी पहिली गोष्ट केली ती तिन्ही दलप्रमुखांना नियमित बोलावून त्यांचे ऐकून घेण्याची.

१९६७ साली काँग्रेसने मेनन यांना मुंबईची उमेदवारी नाकारली. ते अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्व्यांच्या निधनानंतरची पोटनिवडणूकही त्यांनी गमावली. पण १९६९ साली बंगालमधल्या मेदिनीपूरने आणि १९७१ साली त्रिवेंद्रमने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

दोष कुणाचा किती

एकट्या मेनन यांच्या डोक्यावर सगळे खापर फोडणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. धोरण नेहरूंचे होते. अंदाज गुप्तवार्ता विभागाचा होता. योजना न मांडता होकार देणारे सेनाधिकारी आमच्याच गणवेशातले होते. कौल ऐन लढाईच्या तोंडावर आजारी पडून दिल्लीला आले. पैशाची तंगी खरी होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केलेला चौकशी अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, त्यामुळे या वाट्याचा नेमका हिशोब जनतेपुढे मांडलाच गेला नाही.

तरी मेनन यांचा स्वतःचा वाटा उरतोच. ज्यांना ठामपणे 'नाही, साहेब' म्हणता येत होते, ती माणसे त्यांनी दूर केली. थिमय्या आणि थोरात हे त्यांचे शत्रू नव्हते. कोरियात याच दोघांनी त्यांच्या शब्दाला खरे करून दाखवले होते. दिल्लीत मात्र त्याच दोघांचा शब्द त्यांना अडथळा वाटला. परराष्ट्र धोरण संरक्षणाची गरज कमी करू शकते, पण तिची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांच्या तल्लख बुद्धीला उमगले नाही.

१९७१ शी तुलना

आता नऊ वर्षे पुढे या. एप्रिल १९७१. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि लगेच कारवाई करावी असा दबाव होता. जनरल सॅम माणेकशा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना सांगितले की सैन्य आत्ता तयार नाही, पावसाळा तोंडावर आहे, वेळ द्या. हेच माणेकशा मेनन यांच्या काळात चौकशीच्या फेऱ्यात अडकले होते आणि निर्दोष सुटले होते. या वेळी लष्करप्रमुखाचे ऐकले गेले. मधल्या महिन्यांत राजनयाने आपले काम केले. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, पंतप्रधानांनी स्वतः अनेक देशांना भेटी दिल्या, आणि डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत नकाराधिकाराने सैन्याला हवा तेवढा वेळ मिळवून दिला. युद्ध तेरा दिवसांत जिंकले गेले.

कोरियात राजनय आणि सैन्य एकत्र होते, जग आदराने पाहू लागले. १९६२ मध्ये ते वेगळे झाले, आणि किंमत नामका चूच्या जवानांनी दिली. १९७१ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. देश तोच, फौज तीच, बराचसा अधिकारीवर्गही तोच.

थिमय्या १९६५ साली सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख असतानाच वारले. थोरात कोल्हापूरला परतले आणि त्यांनी आपले अनुभव लिहून ठेवले. मेनन यांची भाषणे संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरात आहेत. महाराष्ट्राबाहेर, इंदूरला, बडोद्याला, दिल्लीला राहणारे आपल्यापैकी अनेक जण मला विचारतात की मुलांना हा इतिहास कसा सांगावा. माझे म्हणणे एवढेच, की मेनन यांचे काश्मीरवरचे भाषण आणि थोरातांचा लाल किला सराव, दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. एक ऐकला गेलेला शब्द आहे, दुसरा न ऐकलेला. मंत्री कुणीही असो, पक्ष कुठलाही असो, सीमेवरून येणारी नकोशी बातमी त्याच्या टेबलापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न नागरिक म्हणून आपण विचारत राहिले पाहिजे.

पुढच्या भागात यशवंतराव चव्हाणांच्या संरक्षण मंत्रालयातल्या चार वर्षांविषयी बोलू.

जय हिंद.